पॉइंट कटत नाहीत, पण सातबाऱ्यावर बोजा चढू शकतो

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातल्या एका शेतकरीदादांनी तीन प्रश्न विचारले आहेत. पोरगा १९ वर्षांचा. वडकीजवळ हायवेवर ट्रिपल सीट आणि बिनाहेल्मेटचा सापडला. पोलिसांनी लायसन ठेवून घेतलं, हातात एक कागद दिला. गावातली पोट्टी म्हणतात, आता त्याचे पॉइंट कटतील, बारा झाले की लायसन कायमचं गेलं. दुसरं, काही वर्षांपूर्वी विकलेल्या मोटारसायकलीची चालानं अजून दादांच्याच मोबाइलवर येऊन राहिली आहेत. आणि जाता जाता एक ओळ : "ट्रॅक्टर आमचा सालदार चालवते, त्याच्यापाशी लायसन नाही, धरलं तर किती लागतील?"

मी मोटार अपघाताच्या दाव्यांत वकिली करतो, कधी जखमीच्या बाजूनं, कधी गाडीमालकाच्या. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं देतो, पण खरा घोर मला त्या शेवटच्या ओळीचा लागला आहे.

पॉइंटांचं आधी मिटवू. महाराष्ट्रात सध्या लायसनवरून पॉइंट कापायची पद्धत चालू नाही. बारा पॉइंटांची गोष्ट ब्रिटनची आहे : तिथे तीन वर्षांत बारा पॉइंट जमले की साधारणपणे किमान सहा महिने गाडी चालवायला बंदी येते. दुबईकडे कामाला गेलेल्या पोरांना २४ काळे पॉइंट माहीत असतात. आपल्याकडे केंद्रानं २०१४ साली रस्ते वाहतूक आणि सुरक्षा विधेयकाचा मसुदा काढला, त्यात अशी गुणपद्धत होती, पण त्याचा कायदा झाला नाही. पुढे २०१९ मध्ये जुन्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातच दुरुस्ती करून दंड वाढवले. त्यानंतरही पॉइंट येणार, पॉइंट येणार अशी चर्चा अधूनमधून होत असते, आणि प्रत्येक वेळी व्हॉट्सॲपवर ते 'आजपासून लागू' होतात.

पॉइंट नाहीत म्हणून पोरानं निर्धास्त व्हावं असं मात्र नाही. आपल्या कायद्यात पॉइंटांची गिनती नाही, थेट घाव आहे. कलम २०६ मध्ये २०१९ ला एक नवं पोटकलम आलं, चौथं. अतिवेग, धोकादायक चालवणं (हातात मोबाइल धरून चालवणं यातच येतं), दारू पिऊन चालवणं, रस्त्यावर शर्यत लावणं, ट्रिपल सीट, हेल्मेट नसणं, ॲम्ब्युलन्सला वाट न देणं अशा गुन्ह्यांत पोलीस लायसन जप्त करून आरटीओकडे पाठवू शकतात. आरटीओ तुमचं म्हणणं ऐकून पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवू शकतो. दुसऱ्या वेळी सापडला तर लायसन रद्दच. बारा पॉइंट मोजत बसायची सोय इथे नाही.

आता तो कागद. तो नीट वाचा, कारण दोन प्रकारच्या पावत्या असतात आणि दिसायला सारख्याच. एरवी पोलिसांनी कागदपत्र ठेवून घेतलं की मिळणाऱ्या पोचपावतीवर, कागद परत मिळेपर्यंत, गाडी चालवता येते. पण चौथ्या पोटकलमाखाली लायसन गेलं असेल तर कायदा स्पष्ट म्हणतो की त्या पोचपावतीवर गाडी चालवता येणार नाही. ट्रिपल सीट आणि हेल्मेट म्हणजे तुमच्या पोराचं प्रकरण बहुधा याच दुसऱ्या प्रकारातलं. "पावती हाय ना माह्यापाशी" असं म्हणत तो रोज कॉलेजला गाडी नेत असेल तर आजच थांबवा. आणि अपात्रतेचा हुकूम निघाल्यावर त्या काळात चालवताना सापडला तर तो वेगळा गुन्हा : कलम १८२, १०,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

आरटीओची नोटीस आली की तारखेला जायचंच. लोक ५०० रुपयांची पावती फाडली की प्रकरण संपलं समजतात आणि नोटिशीकडे पाहतही नाहीत. सुनावणीत लायसन तसंच परत द्यायचा अधिकारही त्या अधिकाऱ्याला आहे, आणि बंदी घालायची तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. पोरगा पहिल्यांदाच सापडलाय, कॉलेजला जायला एसटीची वेळ जुळत नाही, हेल्मेट घेतलं त्याचं बिल हे आहे, असं साध्या कागदावर लिहून द्या. लायसन सुटेलच असं मी म्हणत नाही. पण गैरहजर माणसाविरुद्ध हुकूम लिहिणं सगळ्यात सोपं असतं. हुकूम विरोधात गेला तर तो हाती पडल्यापासून ३० दिवसांत अपील आहे. तीन महिन्यांच्या बंदीसाठी अपिलात पडावं का? माझ्या मते नाही, अपील चालू होईस्तोवर बंदीच संपत येते. ट्रक-टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्याची गोष्ट वेगळी.

दंडाचे आकडे लोकांना गोंधळात टाकतात त्याचंही कारण सांगतो. कायद्यात हेल्मेटचा दंड १,००० आहे, आपल्याकडे पावती ५०० ची फाटते. जागच्या जागी तडजोड करून मिटवायची रक्कम प्रत्येक राज्य आपली ठरवतं आणि महाराष्ट्रानं ती डिसेंबर २०२१ पासून लागू केली. मोबाइलवर बोलताना सापडलात तर दुचाकीला १,०००, चारचाकीला २,०००, इतर गाड्यांना ४,०००, आणि पुन्हा सापडलात तर सरळ १०,०००. विमा नसेल तर २,०००, दुसऱ्यांदा ४,०००. लायसन घरी विसरणं आणि लायसनच नसणं यातला फरक लक्षात ठेवा, पहिलं शेकड्यांत मिटतं, दुसऱ्याला ५,००० आहेत. विसरण्यावर इलाज म्हणजे डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ही सरकारी ॲप. त्यातलं लायसन आणि आरसी चालतं. गॅलरीत काढून ठेवलेला फोटो म्हणजे ते नव्हे, त्यावरून पोलिसाशी हुज्जत घालू नका. आणि "पोलीस स्वतः हेल्मेट घालत नाहीत" ही आपली नेहमीची तक्रार कायद्यानंही ऐकली आहे : अंमलबजावणी करणाऱ्यानंच नियम मोडला तर त्याला दंड दुप्पट, कलम २१०-ब. कोणाची पावती त्या कलमाखाली फाटलेली माझ्या पाहण्यात नाही, ते सोडा.

दारूचं प्रकरण जागेवर मिटत नाही, कोर्टातच जावं लागतं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निघाली की पहिल्या वेळी १०,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी असल्यामुळे तिकडची मंडळी संध्याकाळी नदी ओलांडून आपल्या बाजूला येतात आणि रात्री तशीच परत निघतात. त्या वेळी त्या रस्त्यावर मी स्वतः गाडी काढायचं टाळतो.

विकलेल्या मोटारसायकलीकडे येऊ. तुम्ही शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं असेल, "आजपासून गाडीची सर्व जबाबदारी घेणाऱ्याची." तो कागद तुमच्या आणि त्याच्यात ठीक. आरटीओच्या नोंदीत नाव तुमचं आहे, तोवर कॅमेऱ्याला आणि कोर्टाला मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हेच सांगितलं : अपघाताच्या दिवशी नोंदणी ज्याच्या नावावर, कायद्याच्या डोळ्यांत मालक तो, मधे गाडी कितीही हात फिरो. चालानाचे हजार-दोन हजार हा त्यातला किरकोळ भाग. ती गाडी आज बिनाविम्याची कोणाला धडकली तर दाव्यात पहिलं नाव तुमचं असेल. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली की १४ दिवसांत विकणाऱ्यानं आरटीओला कळवायचं असतं. तो नमुना २९. नाव बदलायचा अर्ज म्हणजे नमुना ३०, त्यावर दोघांच्या सह्या लागतात. घेणाऱ्याला शोधा, गोडीनं बोला, चालानं अर्धी-अर्धी भरा आणि नाव चढवून टाका. तो हाती लागत नसेल तर विक्रीच्या कागदाची प्रत जोडून आरटीओला आणि ठाण्याला अर्ज द्या, पोच घ्या. उशिरा का होईना, कागदावर आलेलं बरं.

जुनी चालानं राष्ट्रीय लोकअदालतीत येतात, आधी तशी सूचना मिळते, तिथे तडजोड होते. चालानावर फोटो असतो, तो उघडून पाहा. नंबरातला एक आकडा चुकून दुसऱ्याची गाडी तुमच्या नावावर लागल्याचं दिसलं तर वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिकवर तक्रार करता येते. मात्र व्हॉट्सॲपवर 'चालान' म्हणून एपीके (मोबाइलमध्ये ॲप चढवणारी) फाईल आली तर ती उघडायची नाही. सरकारी चालान त्या वाटेनं येत नाही, बँकेतले पैसे मात्र त्या वाटेनं जातात.

आता ट्रॅक्टर.

"धरलं तर किती लागतील?" याचं सरळ उत्तर : चालवणाऱ्याला ५,००० (कलम १८१), आणि लायसन नसलेल्याच्या हाती गाडी दिली म्हणून मालकाला आणखी ५,००० (कलम १८०). दोन्हीत तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूदही आहे. पण गावाकडच्या रस्त्यावर ट्रॅक्टरला धरतं कोण? आणि धरलं तरी दहा हजारांनी घर बुडत नाही. तुम्ही विचारायला हवं होतं ते हे, की धरलं नाही आणि धडक झाली तर किती लागतील.

एक हिशेब मांडून दाखवतो, म्हणजे उगीच भीती घालतोय असं वाटणार नाही. डिसेंबरचे दिवस धरा. ट्रॉली कापसानं भरलेली, बाजूनं ताडपत्री फुगलेली, हिंगणघाटच्या मार्केटला निघालेली. दिवेलागणीला टायर बसतो. सालदार ट्रॉली अर्धी डांबरावर, अर्धी साइडपट्टीवर उभी करतो आणि जॅक आणायला जातो. मागं रिफ्लेक्टर नाही, असला तर शेणानं भरलेला. मागं दगड-फांदी ठेवायचा आपला रिवाज, तीही अंधारात दिसत नाही. मोटारसायकलवाला मागून धडकतो आणि जागेवर जातो. वय ३०, घरी बायको, दोन लेकरं, म्हातारी आई.

अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणारं न्यायाधिकरण हिशेब कसा करतं? मजुरी-शेतीचं महिन्याचं उत्पन्न १२,००० मानलं तर वर्षाचे १,४४,०००. चाळिशीच्या आतला, पगारी नसलेला माणूस, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे : २,०१,६००. अवलंबून चौघं, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा : १,५१,२००. तीस वयाला ठरलेला गुणक १७, त्यानं गुणायचं. झाले २५,७०,४००. अंत्यविधी, सहजीवन हरपल्याची भरपाई हे वरचं वेगळं, आणि दावा दाखल झाल्यापासून व्याज. हे सूत्र सर्वोच्च न्यायालयानं २००९ आणि २०१७ च्या निकालांत बसवून दिलं आहे, कोणत्याही जिल्ह्याच्या न्यायाधिकरणात याच रीतीनं आकडा निघतो. मोटारसायकलवाल्याची काही चूक सिद्ध झाली तर त्या प्रमाणात कमी होईल, एवढंच.

हे पैसे एरवी विमा कंपनी भरते. त्यासाठीच तर आपण थर्ड पार्टी हप्ता भरतो. पण दाव्याचं समन्स मिळालं की कंपनीचा वकील सगळ्यात आधी एकच कागद शोधतो, ड्रायव्हरचं लायसन. नसेल किंवा तारीख उलटलेली असेल तर आरटीओचा उतारा मागवतो, तिथल्या बाबूला साक्षीला बोलावतो आणि पॉलिसीची अट मोडली म्हणून हात वर करतो. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की नुसतं लायसन नव्हतं एवढ्यावर कंपनी सुटत नाही, मालकानं जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणानं अट मोडली हे तिनं सिद्ध करावं. मालकानं ड्रायव्हर ठेवताना लायसन पाहिलं, ते खोटं आहे हे त्याला समजायचा मार्ग नव्हता, अशा मालकाला याचा आधार मिळतो. तुम्हाला मिळणार नाही. सालदाराकडे लायसन नाही हे तुम्ही स्वतःच्या हातानं लिहून पाठवलं आहे.

मग होतं असं, की न्यायाधिकरण बहुतेक वेळा म्हणतं, कंपनीनं आधी विधवेला पैसे द्यावेत आणि नंतर मालकाकडून वसूल करावेत. ते योग्यच आहे, त्या बाईनं तुमच्या लायसनची वाट का पाहावी? पण कंपनी मग तुमच्या दारात येते. निवाड्यातली रक्कम थकली तर न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना प्रमाणपत्र देऊ शकतं आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, कलम १७४. म्हणजे तहसील, तलाठी, सातबाऱ्यावर बोजा. पाच एकरवाल्यासाठी याचा अर्थ काय ते मी सांगायला नको.

अपघात झाल्यावर "ड्रायव्हर म्हणून लायसनवाल्या भावाचं नाव सांगून देऊ" ही युक्ती दर गावात कोणीतरी सांगतो. करू नका. घटनास्थळाचा पंचनामा, पाहणारे लोक, सालदाराच्याच अंगावरच्या जखमा, मोबाइलचं लोकेशन, यांतून ते उघडं पडतं. मग भरपाईही जाते आणि खोट्या साक्षीचं लफडं मागं लागतं.

ट्रॅक्टरच्या आणखी दोन गोष्टी. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते आणि विम्यातही ती वेगळी धरावी लागते. पॉलिसी काढून पाहा, तिच्यावर ट्रॉलीचा नंबर आहे का? इंजिनचाच विमा असेल आणि धडक ट्रॉलीची असेल तर भांडणाला तोंड फुटलंच. दुसरं, वेचणीच्या बाया. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मालासोबत बसला तर १९९४ च्या दुरुस्तीनंतर तो विम्यात येतो. सकाळी वेचायला निघालेल्या, रिकाम्या ट्रॉलीत उभ्या असलेल्या वीस बाया येत नाहीत. मडगार्डवर बसलेला तर अजिबातच नाही, ट्रॅक्टरला सीट एकच. ट्रॉली कॅनॉलच्या वळणावर उलटली तर प्रत्येक घराचा दावा मालकावर. गावात काळी-पिवळी किंवा ऑटो मिळत असेल तर चार पैसे जास्त गेले तरी तीच लावा, तीही कोंबून नाही.

सालदार नको तर घरचा बारावीतला पुतण्या बसवू, असंही मनात आणू नका. १८ च्या आतला चालवताना सापडला तर कलम १९९-अ : पालक किंवा मालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. तुमची संमती होती असं कोर्ट धरूनच चालतं, नव्हती हे तुम्ही सिद्ध करायचं.

तेव्हा सालदाराचं लायसन काढा. "त्याले लिहिता येत नाही" ही अडचण नाही, हलक्या वाहनाच्या लायसनला शिक्षणाची अट नाही. हलक्या मोटार वाहनाचं, म्हणजे एलएमव्ही लायसन ट्रॅक्टरला चालतं, कायद्यातल्या व्याख्येतच ट्रॅक्टर आहे. मागं ट्रॉली जोडल्यानं ते निरुपयोगी होत नाही. एलएमव्ही लायसन ७,५०० किलोपर्यंतच्या वाहनांना पुरतं का, हा वाद ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं बराचसा मिटवला आहे. आधार मोबाइलला जोडलेला असेल तर लर्निंगची परीक्षा सरकारच्या सारथी पोर्टलवरून घरबसल्या होते, ६० टक्के उत्तरं बरोबर लागतात. वाचता न येणाऱ्यानं मात्र आरटीओत किंवा शिबिराच्या दिवशी समक्ष जाऊन विचारलेलं बरं, सेतूवाल्याला परीक्षा द्यायला लावू नका. वय ४० च्या वर असेल तर डॉक्टरचं प्रमाणपत्र, नमुना १-अ, लागेल. लर्निंगला ३० दिवस झाले की पक्क्यासाठी जायचं, आणि सहा महिन्यांच्या आत जायचं.

लर्निंगवर रस्त्यावर चालवायला शेजारी पक्कं लायसनवाला बसलेला हवा, आणि ट्रॅक्टरवर शेजारी बसायला जागाच नाही. म्हणून तो महिना त्याचं काम बांधाच्या आत ठेवा, वखर, पेरणी, फवारणीचं पाणी. मार्केटची खेप तुम्ही स्वतः न्या किंवा लायसनवाला ड्रायव्हर रोजानं लावा. त्याआधी तुमचं स्वतःचं लायसन काढून तारीख बघा. मुदत संपल्यावरचे पूर्वीचे ३० दिवस सवलतीचे २०१९ पासून राहिलेले नाहीत. संपल्यापासून एक वर्षाच्या आत नूतनीकरण होतं, पण ते नूतनीकरणाच्या तारखेपासून धरतात, मधले दिवस बिनालायसनचेच राहतात. वर्ष उलटलं तर तुम्हालाही सालदारासोबत टेस्ट द्यावी लागेल.